नोआतलं लोखंड

एकदा एक भांड्यांचा व्यापारी होता. अच्युतराव त्याचं नाव. स्टीलच्या भांड्यांत त्याचा जन्म गेला, म्हणून खिशात कायम एक चुंबक असायचा. घाऊक माल आला की डब्याला लाव, पातेल्याला लाव. चिकटला की माल हलका, टाक टेम्पोत, पाठव परत. या एका सवयीवर त्याने दुकान उभं केलं. माणसाला एखादी सवय फळली की तो ती देवघरातसुद्धा घेऊन जातो, तसं त्याचं झालं होतं.

त्याच गावात एक वृद्ध बुवा राहत. अच्युतराव स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवायचा. दर गुरुवारी पायाशी बसायचा, मान डोलवायचा. ऐकायचा किती, ते पुढे कळेलच.

त्याच्या मुलाने पुण्यात नोकरीच्या ठिकाणी एक बंगाली मुलगी पसंत केली. पौलमी. मुलगी गुणी, घरचे लोक चांगले. लग्न ठरलं. बंगाली नवरीचे दागिने आपल्याकडच्यापेक्षा वेगळे, म्हणून व्यापाऱ्याची बायको कुमुद हिने पौलमीच्या आईला फोनवर सगळं विचारून घेतलं आणि सराफ आळीत दिगंबरशेठ पोतदारांकडे करायला टाकलं. दिगंबरशेठच का? तर तिच्या सासूचे दागिनेही त्यांच्याच पेढीवरचे होते. शिवाय त्यांच्याकडे आतल्या खोलीत बंगाली कारागीर बसत, त्यांना हे काम हातचं होतं. कुमुद घरी आल्यावर नवऱ्याला सांगायला बसली तर हा म्हणाला, "ते तुम्हा बायकांचं. मला फक्त तयार झाल्यावर सांग."

दागिने तयार झाले तेव्हा कुमुद पत्रिका वाटायला माहेरी गेली होती. अच्युतराव एकटाच पेढीवर गेला. बाजाराचा दिवस, पेढी भरलेली. दिगंबरशेठनी पाणी पुढे ठेवलं, डबा उघडून दाखवला. गळ्यातला हार, कानातली, सोन्याची जाड कडी, शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, लाल पोवळ्याच्या बांगड्या. आणि एक बारीकशी, सोन्याची नक्षी असलेली बांगडी.

अच्युतरावने खिशातून चुंबक काढला.

लोक बघायला लागले. हाराला लावला, काही नाही. कड्यांना लावला, काही नाही. त्या बारीक बांगडीला लावला आणि बांगडी टक्कन चुंबकाला जाऊन बसली.

"शेठ, हे काय?"

"अच्युतराव, त्यात लोखंड आहेच. ते..."

"ऐका हो ऐका! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं! लोखंड आहे म्हणतो!"

"अहो, माझं पुरतं ऐकून..."

"काय ऐकायचं? आमची आई तुझ्या बापाकडे डोळे मिटून सोनं घ्यायची. आणि तू तिच्या नातसुनेला लोखंड विकतोस?"

दिगंबरशेठ साठीचे गृहस्थ. त्यांना आयुष्यात कुणी एकेरीत बोललं नव्हतं. ते पुन्हा सांगायला गेले. अच्युतरावने डबा तिथेच आपटला, पाण्याला हातही न लावता उतरला. मागून एक बाई म्हणाली, "बरं झालं बाई, यांनी बघितलं." ते ऐकून त्याची छाती फुगली. तिथून घरी तरी जावं की नाही? नाही गेला. हॉटेलात बसून सगळी हकिकत सांगितली. पुन्हा नवीन माणूस आला, पुन्हा सांगितली, आणि सांगताना थोडी वाढवली. संध्याकाळपर्यंत एका मुलीच्या बापाने दिगंबरशेठकडे दिलेली लग्नाची ऑर्डर परत घेतली.

दुसऱ्या दिवशी कुमुद आली. अच्युतरावने मोठ्या ऐटीत तिलाही सांगितलं. ती खुर्चीत बसली ती उठेचना.

"अहो, ते लोखंडच असतं."

"म्हणजे?"

"नोआ म्हणतात तिला. सासूने सुनेच्या हातात घालायची. मी घालणार होते. आत लोखंड, वरून सोनं मढवलेलं. मीच सांगितलं होतं तसं करायला. काय बोललात तुम्ही त्यांना? माझ्या नावाने करायला टाकलेली वस्तू... आता मी कुठल्या तोंडाने त्या आळीत जाऊ?"

अच्युतराव त्या दिवशी जेवला नाही. दुकानात गेला, पण शटर अर्धंच वर केलं. रस्त्याने कुणी हाक मारून म्हणे, "वा अच्युतराव, बरी जिरवलीत सराफाची!" आणि त्याला वाटे, याच्या तोंडावर हात ठेवावा. शेवटी तो बुवांकडे गेला. वार गुरुवार नव्हता, तरी गेला.

सगळं सांगून म्हणाला, "बुवा, मी ठरवलंय. पेढी बंद झाली की मागच्या दाराने त्यांच्या घरी जातो. शाल, पेढे नेतो. पाय धरतो."

बुवांनी विचारलं, "मागच्या दाराने का?"

उत्तराची वाट न बघता बुवा पुढे म्हणाले:

"आता नीट ऐक. येत्या बाजाराच्या दिवशी जायचं, पेढी भरलेली असताना. शाल नको, पेढे नकोत. माफीही मागायची नाही. बांगडी मागून घे, चुंबक लाव आणि मोठ्याने विचार, शेठ, याला चुंबक का चिकटतो? मग तोंड मिटून उभा राहा."

"बुवा, पुन्हा चुंबक? त्यांच्या जखमेवर मीठ चोळायचं?"

"मी येतो सोबत," बुवा म्हणाले. बस्स, एवढंच.

बाजाराच्या दिवशी दोघे गेले. पेढीवर गर्दी होती, पण पूर्वीइतकी नव्हती, आणि ते अच्युतरावच्या नजरेतून सुटलं नाही. त्याला बघताच कुणीतरी पुटपुटलं, "आला, चुंबकवाला आला." दिगंबरशेठ गादीवरून उठले नाहीत. त्याने बांगडी मागितली. त्यांनी मुकाट्याने डबा काढून दिला. चुंबक लागायच्या आधीच त्याच्या हातून खाली पडला. उचलला. लावला. टक्क.

"शेठ," त्याने मोठ्याने विचारलं, "याला चुंबक का चिकटतो?"

दिगंबरशेठनी त्याच्याकडे पाहिलं, मग बुवांकडे पाहिलं. मग ताठ बसून म्हणाले, "आत लोखंड आहे म्हणून. ही बंगाली नवरीची नोआ. सासू सुनेला देते. लोखंड नसेल तर ती नोआच नव्हे, नुसती बांगडी. वरून सोनं मढवायचं ते ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. सोन्याचे पैसे सोन्याच्या वजनाचे घेतलेत, लोखंडाचे नाहीत. वहिनींनी सांगितली, तशी करून दिली."

मग त्या दिवशीचीच ती बाई म्हणाली, "अगं बाई! मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

दिगंबरशेठ म्हणाले, "सांगत होतो."

अच्युतरावची मान खाली गेली. बुवांनी तोंड मिटायला सांगितलं होतं, तरी त्याच्याने राहवलं नाही. "मी बोलू दिलं नाही," तो म्हणाला. "हॉटेलात सांगितलं तेही खोटं. यांची काही चूक नाही." त्याचे कान लाल झाले होते. लोक त्याच्याकडे बघत होते आणि त्याने त्यांना बघू दिलं.

दिगंबरशेठनी नोआ पुसली, डब्यात ठेवली, डबा फडक्यात बांधून त्याच्या हातात दिला. म्हणाले, "वहिनींना सांगा, घालताना सुनेला हात सैल ठेवायला लावा. माप नेमकं आहे."

बाहेर आल्यावर अच्युतरावने विचारलं, "बुवा, आधीच माफी मागू का दिली नाहीत?"

बुवा म्हणाले, "माफीने तू मोकळा झाला असतास. त्याचं काय? त्याचं वाक्य अर्ध्यात तोडलंस आणि ते अर्धं वाक्य गावभर फिरवलंस. उरलेलं अर्धं बोलायला त्याला तीच जागा हवी होती, तीच माणसं हवी होती, आणि तोच प्रश्न हवा होता, जो तू विचारलाच नव्हतास. तपासलंस याचं मला काही नाही. सोनं घेताना तपासावंच. पण चुंबकाला एवढंच कळतं की आत लोखंड आहे. ते का आहे, हे माणसाला विचारावं लागतं."

दोघे बरंच अंतर चालले. मग अच्युतराव हळूच म्हणाला, "त्यांनी आज पाणी विचारलं नाही."

"नाही विचारलं," बुवा म्हणाले. "ते आता त्यांच्या मनावर आहे."

अच्युतरावने मान डोलवली नाही. फडक्यातला डबा दोन्ही हातांनी धरला आणि तो बुवांच्या मागून चालत राहिला.

तुम्हीही सोनं घ्यायला जाल. छाप बघा, वजन बघा, चार प्रश्न विचारा, लाजू नका. फक्त समोरचा माणूस बोलत असेल तर त्याला वाक्य पुरं करू द्या.