पिंगीचं तळघर सुकेना

एक होती उंदरीण. इटुकली. नाव तिचं पिंगी.

पिंगीनं घर बांधलं. स्वतःच्या पंजांनी बरं का! वर ओसरी, खाली तळघर. तळघर कुणासाठी? पिल्लांसाठी.

पण तळघराची जमीन ओली. पिचपिच ओली! पिल्लांसाठी जपलेला शेंगदाणा तिथे बुरसला. एकच होता हो! आणि पिल्लं शिंकायला लागली. फिच् फिच् फिच्!

पिंगीला फार वाईट वाटलं. पण रडत बसेल ती पिंगी कसली!

"खाली फरशी हवी," ती म्हणाली. "गवत घालू? गवत कुजेल. लाकूड घालू? छे, लाकूड मीच कुरतडीन! चकचकीत मोठी लादी? ती महाग. आणि उचलणार कोण?"

शेजारी माणसांचं घर बांधणं चाललं होतं. तिथे फुटक्या लाद्यांचा ढीग. लाल, निळे, पांढरे तुकडे.

"हेच घालू! स्वस्त आणि मस्त!"

गुपचूप उचलून न्यावे? छे! विचारून न्यावे. पिंगी निघाली.

लुटुलुटु लुटुलुटु.

"गवंडीकाका, तुकडे द्या ना.
माझं तळघर काही सुकेना!"

"देईन गं. पण आधी वाळू हवी. गाढवाला सांग."

लुटुलुटु लुटुलुटु.

"गाढवदादा, वाळू आण ना.
गवंडी तुकडे देईना,
माझं तळघर काही सुकेना!"

"आणीन गं. पण वाळूवर भूभू झोपलाय. आधी त्याला उठव."

लुटुलुटु लुटुलुटु.

"भूभूदादा, ऊठ ना.
गाढव वाळू आणीना,
गवंडी तुकडे देईना,
माझं तळघर काही सुकेना!"

"उठीन गं. पण आधी भाकरी हवी. मावशीला सांग."

लुटुलुटु लुटुलुटु.

बांधकामावरची मावशी चुलीपाशी बसली होती.

"मावशी, भाकरी थाप ना.
भूभू काही उठेना,
गाढव वाळू आणीना,
गवंडी तुकडे देईना,
माझं तळघर काही सुकेना!"

"थापीन गं. पण बाळ रडतंय बघ. आधी त्याला हसव."

झाडाला झोळी. झोळीत बाळ. "ट्यँहँ! ट्यँहँ!"

पिंगी दोरीवर चढली. सरसर सरसर. अबब! बाळाचं तोंड केवढं मोठं! पिंगी जराशी मागे सरली. पण पिल्लं आठवली. मग ती हलली नाही. शाबास गं पिंगे!

"बाळा, बाळा, हस ना.
मावशी भाकरी थापीना,
भूभू काही उठेना,
गाढव वाळू आणीना,
गवंडी तुकडे देईना,
माझं तळघर काही सुकेना!"

बाळ रडायचं थांबलं. टकामका बघत राहिलं. "ऊँ?" म्हणालं.

म्हणजे काय? म्हणजे पुन्हा सांग!

पिंगीनं पुन्हा सांगितलं. भरभर. एका दमात.

"मावशीथापीना-भूभूउठेना-गाढवआणीना-गवंडीदेईना-माझंतळघर..."

आणि पिंगीचा श्वासच संपला! तोंडातून निघालं नुसतं, "चीं!"

बाळ हसलं. खुदुखुदु खुदुखुदु!

बाळ हसलं, तशी मावशीनं भाकरी थापली. थप थप थप.

भाकरी मिळाली, तसा भूभू उठला. मटामट मटामट.

भूभू उठला, तसं गाढव वाळू घेऊन आलं. टपटप टपटप.

वाळू आली, तसा गवंडी खूश झाला. "घे गं बाई, हवे तेवढे तुकडे घे! वर मूठभर वाळूही घे."

पिंगीनं एकेक तुकडा ओढून नेला. खाली वाळू, वर तुकडे. खट् खट् खट्! लालशेजारी निळा, निळ्याशेजारी पांढरा. काय सुंदर जमीन!

गवंडी वाकला. एक डोळा मिटून तळघरात बघू लागला. "वा गं वा! तू तर आमच्या तोडीची निघालीस!"

मूर्ती लहान, कीर्ती महान, ती अशी.

पिंगीनं पिल्लांना तळघरात नेलं. एक लाल तुकड्यावर, एक निळ्यावर, एक पांढऱ्यावर. पोटं कोरडी. शेपट्या कोरड्या. पिल्लं गाढ झोपली.

आणि पिंगी? ती आज पहिल्यांदाच बसली. पाय पसरून, ऐसपैस, आपल्या स्वतःच्या फरशीवर.

पिंगीचं घर झालं बांधून,
आपली गोष्ट झाली सांगून!