खेकड्याच्या चपला

“म्हणजे अजून तुमच्या मनासारखं जमलं नाहीच ना, अक्का?”

प्रभंजन राजमानेने विचारलं खरं, पण उत्तराला न थांबता पिशवीतून सन्मानचिन्ह काढून अक्कांच्या पुढ्यात ठेवलं. बालसाहित्याचा हा त्याचा सातवा पुरस्कार. दिल्लीहून तो घरीसुद्धा न जाता थेट इथे, कोयनेकाठच्या बालवाडीत आला होता.

अक्का सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. साठ वर्षं त्यांनी या अंगणात पोरांना गोष्टी सांगितल्या. प्रभंजनही गोष्ट सांगायला शिकला तो त्यांच्यापाशी बसूनच. आता त्याची पुस्तकं नऊ भाषांत गेली होती, सभेत लोक त्याच्यासाठी उठून उभे राहत. अक्कांची शाब्बासकी मात्र एकदाही मिळाली नव्हती. तेवढ्यासाठीच स्वारी आली होती.

अक्कांनी सन्मानचिन्हाकडे पाहिलं.

“छान आहे. जड असेल.”

“अक्का…”

“बस. ऐक जरा.”

शेजारच्या ओट्यावर एक तरणी बाई आपल्या मुलीला भरवत होती. मुलगी काही केल्या तोंड उघडेना. शेवटी बाईने गोष्ट सुरू केली.

“एक हुता खेकडा. त्यानं आठ पायांस्नी आठ चपला घेतल्या…”

प्रभंजन ताठ झाला. ही तर त्याची गोष्ट, त्याच्याच डोक्यातून निघालेली! बारा वर्षांपूर्वीचं पहिलंवहिलं पुस्तक. पहिला पुरस्कार याच खेकड्याने मिळवून दिला होता.

“…घालतोय, घालतोय. आठवी चप्पल घालून झाली, तवर दिवेलागण! मग बसला की काढत!”

मुलगी खदखदून हसली. उघड्या तोंडात घास गेला.

पुस्तकातला खेकडा कंटाळून चपला नदीत फेकून देतो. बाईचा शेवट त्याहून सरस होता, आणि तेच प्रभंजनला झोंबलं. तो तरातरा ओट्यापाशी गेला.

“बाई, ही गोष्ट तुम्ही कुठून घेतलीत?”

“घ्यायची कशाला? आमच्या आजेसासूबाईंची हाय. लई जुनी.”

“आजेसासूबाईंची?”

“त्यांच्याबी सासूची आसंल. कुणाला ठावं!”

“अहो, पण ती गोष्ट मी…”

मागून अक्कांचा हात आला आणि त्याच्या तोंडावर बसला. तांदळाची भुकटी ओठांना लागली.

“पुन्ना! पुन्ना सांग!” मुलगी ओरडली.

बाईने पुन्हा पहिल्यापासून धरलं. प्रभंजन ऐकत उभा राहिला. चौथ्या चपलेपर्यंत त्याचा राग टिकला. सहाव्या चपलेला त्यालाही हसू फुटलं, आणि मग छाती अशी भरून आली, जशी दिल्लीच्या टाळ्यांनीसुद्धा कधी आली नव्हती.

“अक्का… आता तरी?”

ऐंशी ओलांडलेल्या अक्का कमरेत वाकल्या आणि त्यांनी आपल्या शिष्याच्या पायांना हात लावला.

“अक्का! अहो, हे काय करताय…”

अक्का सरळ झाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या.

“साठ वर्षं गोष्टी सांगतेय मी. माझी एकही कुणाच्या आजेसासूची झाली नाही रे!”