जसिंताची करवंटी

एका बाजूला समुद्राची गाज, दुसऱ्या बाजूला सोनचाफ्याचा घमघमाट, आणि मधोमध केळीच्या पानांआड दडलेली एक इवलीशी झोपडी. त्या झोपडीत जसिंता आणि तिची आई राहायच्या. बाबा मासेमारीला गेले, वादळ उठलं. बाकीच्या बोटी परतल्या, बाबांची काही परतली नाही. आई दिवसभर लोकांच्या वाड्यांत फुलं खुडायची आणि तिन्हीसांजेला मेणबत्ती लावून म्हणायची, "प्रभू आहे ना, बाळा. वाट बघू."

"पण आई, तो ऐकतो हे आपल्याला कसं कळतं?" जसिंता विचारायची. तिला सगळंच जाणून घ्यायचं असायचं.

नाताळच्या आधीचा, बाळ येशूची वाट बघायचा आगमनकाळ सुरू झाला. या दिवसांत तिथली मुलं गहू पेरतात. नाताळला बाळ येशूच्या गोठ्यात त्याच्या पायाशी मऊ हिरवळ नको का? शेजारच्या व्हिक्टोरिनने निळ्या कुंडीत पेरले. जसिंताकडे कुंडी कुठली! तिने नारळाच्या करवंटीत पेरले. व्हिक्टोरिनचे तरारून वर आले. जसिंताचे येईनात.

"गहू पेरलेस की खडे गं?" व्हिक्टोरिन खिदळली.

गव्हाचा बिचाऱ्याचा काय दोष? जसिंताच रोज सकाळी बोटाने माती उकरायची. आला का कोंब? आणि बघता बघता तो मोडायचा.

एके सकाळी ती चाफ्याखाली मुसमुसत बसली होती. एक अर्धवट उमललेली कळी एकदम लखलखली. तिच्यातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. पंख चतुराचे, चिमुकला झगा पोपटी.

"अगं बाई! तू खरी आहेस? रविवारी चर्चमध्ये मिस्साला येतेस?"

"येते की! खिडकीत बसते," परी हसली. तिने एक सोनेरी दाणा पुढे केला. "यात तुझ्या मनातली एक इच्छा पेर. ती पुरी करणारी मी नव्हे हं, मी नुसती प्रभूचा निरोप आणणारी. पण दोन नेम आहेत. उकरायचं नाही. आणि आपल्या करवंटीच्या आधी दुसऱ्या कुणाच्या तरी रोपाला पाणी घालायचं."

"आणि प्रश्न? तेही विचारायचे नाहीत?"

"विचार की, पोटभर विचार! प्रश्नांनी कोंब मोडत नाही गं, बोटांनी मोडतो."

'बाबा घरी येऊ देत,' असं म्हणून जसिंताने दाणा पेरला. आत काय चाललं असेल? मूळ आधी फुटतं की कोंब? तिची बोटं नुसती शिवशिवायची. मग ती हात जोडायची. जोडलेल्या हातांनी उकरता येत नाही ना!

रोज आधी शेजारपाजारच्या एखाद्या रोपाला पाणी, मग करवंटीला, असे दिवसामागून दिवस गेले. माती तशीच काळी.

नाताळच्या आदल्या दिवशी व्हिक्टोरिनची आई कुंपणापाशी आली. "जसिंता, आमची पोरगी तापाने फणफणलीय. सारखी 'कुंडी, कुंडी' करते. मला तिच्या उशापासून हलता येत नाही. तेवढं बघशील का, बाय?"

जसिंताने पाहिलं, निळ्या कुंडीतले कोंब माना टाकून पडले होते. वाडीतल्या विहिरीचं पाणी खारट. गोडं पाणी लांबून आणावं लागे, आणि आज माठाच्या तळाशी जेमतेम पेलाभर उरलं होतं. तिच्या करवंटीतल्या मातीलाही भेगा पडल्या होत्या.

"प्रभू, आजच्या दिवस माझ्या दाण्याला आधी घातलं तर चालेल?" तिने विचारलं. खिडकीतून व्हिक्टोरिनचं कण्हणं तेवढं ऐकू आलं.

जसिंताने पेला कुंडीत ओतला. तहानलेली माती सगळं पाणी गटागट पिऊन गेली, थेंब उरला नाही.

करवंटीपाशी येताच तिचे डोळे भरले. पण तिने झटकन तोंड फिरवलं. आसवं खारट असतात, दाणा करपला तर?

तेवढ्यात पाठीमागे काहीतरी किणकिणलं. जसिंता वळली. माती हळूच वर उचलली जात होती! एक कोंब, त्याच्या शेजारी दुसरा, मग हिरव्या रेशमी पात्यांनी करवंटी गच्च भरली. काठावर परी बसली होती.

आणि केळीच्या पानांतून कुणीतरी हाक मारली, "जसू!"

काठीच्या आधाराने, दाढी वाढलेले, वाळलेले बाबा उभे होते! बोट दूरच्या किनाऱ्यावर फुटली होती, पाय मोडला होता, परक्या कोळ्यांनी सांभाळलं होतं. जसिंता त्यांच्या कमरेला बिलगली. आई फुलांची टोपली टाकून धावली.

"बाबा, आम्ही वाट बघतोय हे तुम्हाला तिकडे कळत होतं?"

"कळत होतं म्हणून तर चालत आलो ना, पोरी."

परीचे पंख झळाळले. आधी पिवळे, मग केशरी, मग नुसता शुभ्र उजेड. तो उजेड झोपडीवरून, निळ्या कुंडीवरून, व्हिक्टोरिनच्या तापल्या कपाळावरून अलगद फिरला आणि आभाळात मिसळून गेला.

जसिंताच्या दारी जसं उजाडलं, तसंच वाट बघणाऱ्या प्रत्येक दारी उजाडो.