चव हरवलेला पारखी

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरांना तेव्हा अजून नावं मिळाली नव्हती, आणि नद्या कुठं जातात ते फक्त नद्यांनाच ठाऊक होतं. त्या काळी एका राज्याच्या कडेला धुक्याचं एक खोरं होतं. खोऱ्यात उतारा-उतारावर द्राक्षांचे मळे होते आणि घरोघरी रांजणांत द्राक्षांची मदिरा मुरत असे. लहानांनी गोष्ट ऐकावी, मदिरेचं मोठ्यांवर सोडावं.

या खोऱ्यात एक म्हातारा पारखी राहायचा. मदिरेचा एक घोट जिभेवर ठेवून तो डोळे मिटायचा, आणि त्या द्राक्षांनी पाहिलेलं अख्खं वर्ष त्याला दिसायचं. मग तो हळू आवाजात सांगायचा, की फुलोऱ्याच्या वेळी चार दिवस उलटा वारा वाहिला, पोपटांचा एक थवा घडांवर उतरला आणि न खाताच उडून गेला, तोडणीला आलेली बाई दिवसभर गुणगुणत होती. ऐकता ऐकता लोकांचेही डोळे मिटायचे. कुणाचा रांजण बिघडला असेल तर तेही तो तितक्याच हळू सांगायचा, आणि का बिघडला तेही सांगायचा. ऐकणारा घरी जाऊन पुढच्या वर्षी चूक सुधारायचा.

खोऱ्याची एक रीत होती. थंडी सरली की सगळे रांजण चावडीपुढं मांडायचे. ज्याची मदिरा त्यानं मातीच्या वाटीतून पहिला घोट घ्यायचा आणि तीच वाटी पारख्याच्या हाती द्यायची. पसंत पडलेले रांजण मेणानं बंद होऊन राजाच्या तळघरात जायचे, ते तीन वर्षांनी उघडायचे. मळा नव्या हाती आला असेल तर पहिल्याच वर्षी त्या हाताची परीक्षा व्हायची. रांजण बिघडला, तर मळा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जायचा. वेलींचे हाल होऊ नयेत म्हणून वाडवडिलांनी हा नियम केला होता. कठोर होता, पण सगळ्यांना सारखा होता.

एके वर्षी पारख्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. मीठ कळेना, गूळ कळेना. त्यानं त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार करून तो गप्प बसला. चावडीपुढं त्यानं डोळे मिटले, जुन्या वर्षांतलं थोडं धुकं, थोड्या मधमाश्या घेऊन काहीबाही सांगितलं आणि सगळेच रांजण पसंत केले. ज्यांची मदिरा चांगली होती ते खूश झाले. ज्यांची बिघडली होती त्यांना वाटलं, आपलीच जीभ चुकत असेल. अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी खडकाळ उतारावरच्या मळ्याची एक बाई रांजण घेऊन आली. तिचा नवरा वर्षभरापूर्वी वारला होता. त्याच्या शेवटच्या मदिरेबद्दल पारखी म्हणाला होता, की यात एक माणूस दिसतो, तो पहाटे उठून वेलींशी गोड बोलतो. ते शब्द तिनं पाठ केले होते आणि त्यांच्याच आधारावर एकटीनं मळा सांभाळला होता. तो मळा म्हणजे तिच्या नवऱ्याचं उरलेलं सगळं. दिराचा त्यावर डोळा होता, हे खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं.

तिनं पहिला घोट घेतला. मदिरा आंबट ढाण झाली होती. दुःखाच्या दिवसांत रांजणाचं तोंड नीट लिंपायचं राहून गेलं होतं. तिनं तीच वाटी पुढं केली.

पारख्यानं घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, की यात दव दिसतं, चांदणं दिसतं, आणि एक बाई दिसते जिचा हात कधी चुकत नाही. लोक माना डोलावू लागले. दिरानं मान खाली घातली. मळा तिचा झाला.

तिनं घरी निघून जायला हरकत नव्हती. तुम्ही-आम्ही गेलोच असतो. पण ती तिथंच उभी राहिली, कारण तिच्या मनात एक शंका आली आणि ती तिला सोडेना. ती पारख्याजवळ बसली आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल असं बोलली.

"बाबा, हा रांजण आंबलाय. मी आधी प्यायलेय."

पारख्यानं वाटीत पाहिलं.

"मागच्या साली माझ्या माणसाचं सांगितलंत, ते तरी खरं होतं का?"

एक 'हो' म्हटलं असतं तर दोघांचंही भागलं असतं. "नाही पोरी," म्हातारा म्हणाला. "तेव्हाही मला काही दिसलं नव्हतं. माझी जीभ मेलीय."

ती तिथंच, सगळ्यांदेखत रडली. मग उठून तिनं आपला रांजण आंबल्याचं मोठ्यानं सांगितलं. पारख्यानंही वाटी जमिनीवर ठेवली आणि आपलं सांगितलं. पंचांनी राजाच्या तळघरातून दोन वर्षांचे रांजण परत मागवले. त्यांतले निम्मे बिघडलेले निघाले. खोऱ्याचं नाव गेलं, आणि पुढं कितीतरी वर्षं राजवाड्याकडून कुणी फिरकलं नाही.

परत आलेल्या रांजणांत तिच्या नवऱ्याचाही होता. तिनं त्यातली वाटीभर मदिरा मागून घेतली. म्हातारा म्हणाला, "डोळे मिट. घाई करू नको."

तिनं डोळे मिटले. धुकं हळूहळू विरळ झालं आणि उतार दिसू लागला. ऊन चांगलंच वर आलं होतं, तेव्हा कुठं तिचा नवरा मळ्यात येत होता. तो वेलींशी गोड वगैरे काही बोलत नव्हता. पाठ दुखते म्हणून कुरकुरत होता. दोन वेली बांधून झाल्या आणि तो सावलीत आडवा होऊन घोरू लागला.

ती रडता रडता हसली. पहाटे उठणारा तो कुणीतरी परका होता. हा मात्र तिचा होता.

नियमाप्रमाणे मळा दिराकडे गेला. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण आपला रांजण आंबला हे जिनं आपल्या तोंडानं सांगितलं, तिच्याच हाती पंचांनी पारख्याची वाटी दिली. पुढं ती चाखायची आणि जे दिसेल ते सांगायची, आणि म्हातारा शेजारी बसून डोळे मिटून ऐकायचा.

तात्पर्य : खोटी स्तुती ज्याची करावी, त्याचंच खरं रूप ती पुसून टाकते.