मुंगळ्याची तक्रार

प्राणीही प्रोग्रॅम लिहीत, त्या काळची ही गोष्ट. नदीला पूर आला की बिळाबिळांत भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम माकडाने लिहिला होता. त्याचे तुकडे जोडायचं काम मुंगळ्याकडे होतं. तयार तुकडे ठेवलेल्या लायब्ररींच्या रांगेतून तो एकदाच पुढे जाई, तोवर उचललेल्या तुकड्यांपैकी कोणी जे मागितलं असेल तेवढंच उचली आणि मागे कधी वळत नसे. एका लायब्ररीत जमिनीची उंची सांगणारे तुकडे होते, दुसरीत नकाशाचे.

एके दिवशी नदीचं पाणी चढू लागलं आणि नेमका मुंगळा अडला. "नकाशाला उंची हवी आहे. उंची सापडत नाही."

"डोळे फुटले का तुझे?" माकड खेकसलं. "उंचीची लायब्ररी रांगेत पहिलीच उभी आहे!" त्याने ती काढून नवी आणली, तिच्या शेजारी आणखी एक ठेवली. मुंगळा तेच म्हणत राहिला. पाणी सशांच्या बिळाशी आलं.

तेव्हा घोरपडीने मुंगळ्याला विचारलं, "उंचीजवळून गेलास, तेव्हा ती कोणी मागितली होती का रे?"

"नाही, घोरपडताई. नकाशा नंतर भेटला. त्याने मागितली तोवर उंची मागे पडली होती."

घोरपडीने उंचीची लायब्ररी उचलून नकाशाच्या नंतर ठेवली. मुंगळा पुन्हा निघाला आणि भोंगा वाजला. ससे पिल्लं घेऊन टेकडीवर पोचले.

"कसं ओळखलंस गं?" माकड थक्क झालं होतं.

"मी कुठे ओळखलं? नकाशाला हवी आहे, हे मुंगळा पहिल्यापासून सांगत होता. तू फक्त 'सापडत नाही' एवढंच ऐकलंस."