भाऊसाहेबांचा तंबोरा

रियाजाचं ॲप बनवणाऱ्या कंपनीचे मालक भाऊसाहेब जोगळेकर यांचा एकच हट्ट होता: दर पाडव्याला नवी आवृत्ती. यंदा ॲपमधला तबला लय सोडून धावत होता, म्हणून ॲपचं काम पाहणाऱ्या शाल्मलीने भाऊसाहेबांकडे महिन्याची मुदत मागितली.

"पोरी, पाडवा तुझ्यासाठी थांबतो का? चुका पुढच्या वर्षी सुधारू. जमत नसेल तर दुसरी नोकरी बघ."

पाडव्याच्या समारंभात आधी भाऊसाहेब गाणार आणि मग आवृत्ती बाहेर पडणार होती. सभागृह भरलं, तरी त्यांचं तंबोरा जुळवणं संपेना. शाल्मलीने माईक घेतला.

"सर, वेळ झाली. सुरू करा."

"अगं, तंबोरा लागला नाहीये. लोकांसमोर बेसूर गाऊ का?"

"गा की, सर. सूर पुढच्या पाडव्याला लावू."

सभागृहात हशा पिकला. भाऊसाहेब कानापर्यंत लाल झाले.

"घे तुझा महिना," ते पुटपुटले, "पण आधी तो माईक बंद कर."