शाल्मलीसाठी चेक शब्द

"...पण आबा, 'यूथ'ला नेमका शब्द कोणता?"

निरंजन सबनीसांनी ओसरीवर टेकता टेकताच विचारलं. चहा यायचा होता अजून.

आबा हुद्दार पावट्याच्या शेंगा सोलत होते. तरुणपणी ते प्रागला ओतकाम शिकायला गेले आणि भाषा घेऊन परतले. ओतकाम तिकडेच राहिलं. आता वाईला, कृष्णेच्या काठावर राहतात. कोणी चेक शिकायला आलंच, तर हातातलं काम न सोडता शिकवतात.

सबनीस त्यांचे सगळ्यांत हुशार शिष्य. असं आबा कधी म्हणाले नाहीत; सबनीस म्हणत.

"कोणतं यूथ?" आबांनी विचारलं. "वय, की पोरं?"

"तोच तर घोळ आहे! वय म्हटलं तर म्लादी. सगळी पोरं मिळून म्लादेझ. एकटा पोरगा असला तर म्लादिक. इंग्रजीत एका शब्दात भागतं, आणि इथे..."

"मग तिन्ही लिही."

प्रागला शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी सबनीस एक पुस्तक करत होते. तरुणांविषयीचे इंग्रजी शब्द आणि समोर चेक प्रतिशब्द, असं त्यातलं एक प्रकरण. बाकीचं पुस्तक झालं होतं, हे प्रकरण मात्र हटून बसलं होतं.

खरं तर घरातच एक प्रकरण हटून बसलं होतं. सबनीसांची मुलगी शाल्मली उद्याच्या विमानाने प्रागला निघाली होती, काचकाम शिकायला. बापाकडून चेक शिकायला तिने साफ नकार दिला. "तिथे जाऊन शिकेन," म्हणाली. परक्यांची पोरं ज्यांच्या शिकवणीला यायला धडपडतात, त्यांच्याच घरी ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं.

"जाण्याआधी आबांच्या पाया पडून या," म्हणून शाल्मलीच्या आईने, नीलिमाने, आज दोघांना एका गाडीत घालून पाठवलं होतं. शाल्मली पाया पडली, आबांनी दिलेला लाडू घेतला आणि समोरच्या घाटावर जाऊन बसली.

"आणि 'टीनएजर'?" सबनीसांनी पुढचा शब्द काढला. "नात्स्तिलेती म्हणतात. पण तो इंग्रजीवर बेतलेला आहे. मला उसना वाटतो."

"लिही."

"'अडोलसंट'ला दोस्पीवायीत्सी. पण तो डॉक्टरांच्या तोंडी शोभतो."

"डॉक्टरांसाठी लिही."

"मग यिनोख?"

आबा पहिल्यांदा हसले. "तरुण माणसाला म्हणायचे खरं. पण मी गेलो तेव्हाच तो शब्द म्हातारा झाला होता."

"म्हणजे चूक?"

"चूक एकही नाही."

"मग घेऊ कोणता?"

आबांनी नवी शेंग उचलली. "आमची घरमालकीण नातीला झाबा म्हणायची."

"झाबा? म्हणजे बेडूक?"

"बेडकीच. त्या वयाच्या पोरींना लाडाने म्हणतात."

"हे कसं छापू, आबा?"

"छापू नकोस."

"मग म्हणू काय?"

"कोणाला?"



सबनीसांची नजर घाटाकडे गेली. शाल्मली अगदी खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसली होती. सबनीसांनी खिशातून फोन काढला आणि पुण्याला घरी लावला.

"अगं, तुझ्या लेकीला सांग, त्या पायरीवर शेवाळ आहे. वर सरक म्हणावं."

फोन ठेवला. जरा वेळाने घाटावर फोन वाजला. शाल्मलीने ऐकून घेतलं आणि मागे न बघता दोन पायऱ्या वर सरकली.

मग ओसरीवर फोन वाजला. नीलिमाचा आवाज आबांनाही ऐकू येत होता. "ती म्हणतेय, बाबाचा चष्मा गाडीत राहिलाय. आणून देऊ का विचार."

"नको म्हणावं. आणि तिकडे थंडी असते, जाड मोजे घेतलेत का विचार तिला."

"अहो, मी कुकर लावलाय! तुम्ही दोघं आत्ता आहात तरी कुठे?"

"आबांकडे."

"दोघंही?"

"हो."

पलीकडून नुसती कुकरची शिट्टी ऐकू आली.

आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी घाटाकडे पाहिलं, मग सबनीसांकडे.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि विमान उद्या."

"उद्या."

"ती तिकडे गेल्यावर कसं?"

"नीलिमा आहे ना. ती करेल फोन, मग मला..." सबनीसांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. "आबा, मला काही कळेनासंच झालंय. शब्द सगळे येतात हो मला, एकूण एक येतात. पण तिच्याशी बोलायला गेलो की ती लहान आहे की मोठी, तेच समजत नाही. लहान समजून बोललो तर ती चिडते. मोठी समजून बोलायला जावं, तर माझेच डोळे भरून येतात. तिला म्हणू तरी काय?"

आबांनी थांबलेली शेंग सोलली.

शेंगा सोलून झाल्या. चहा येऊन, पिऊनही झाला. घाटावरची उन्हं कलली. पुण्याला पोचून बॅगा भरायच्या होत्या. सबनीस उठले आणि त्यांनी पुन्हा घरी फोन लावला.

लागेना. परत लावला.

"रेंज गेली वाटतं."

घाटावर शाल्मलीही उठली होती. तीही फोन कानाला लावून उभी होती आणि ओसरीकडे बघत होती. मध्ये अंतर असं फारसं नव्हतं. साधी हाक मारली तरी ऐकू गेली असती.

सबनीसांनी फोन खिशात ठेवला, पुन्हा काढला. घसा खाकरला.

"आबा... तुम्हीच सांगा ना जरा तिला. निघायचंय म्हणावं."

"सांगतो की."

आबांनी मांडीवरची टरफलं झटकली. सावकाश ओसरीच्या कडेपर्यंत गेले. हाक मारायला दोन्ही हात तोंडाशी नेले... आणि हात तसेच धरून मागे वळले.

"कोणत्या भाषेत सांगू?"